आधी कोण बसलं

रेकॉर्डिंगमधला तो आवाज माझा आहे, हे खोलीतल्या सगळ्यांना माझ्याआधी कळलं. मला वाटलं, शाळेतलाच कुणीतरी बाप्या मधे आलाय आणि गणिताच्या बाईंच्या मुलाखतीत नाक खुपसतोय. किंचित गेंगाणा, वाक्य संपता संपता दमणारा आवाज. मी मनातल्या मनात त्याच्यावर चिडलोसुद्धा. इतकी छान जमून आलेली शांतता, आणि या गृहस्थाला राहवलं नाही. “बरं, मग मीच सांगतो,” असं तो गृहस्थ म्हणाला आणि खुर्ची करकरली. ती करकर मात्र मी ओळखली. त्या खुर्चीवर मी बसलो होतो.

आमच्या विभागात शुक्रवारी दुपारी ‘ऐकणं’ असतं. असं नावच आहे त्याला, सभा वगैरे नाही. शिक्षणावर संशोधन करणारे बाकीचे लोक मार्क मोजतात, गळती मोजतात, बाकांची उंचीसुद्धा मोजतात. आम्ही मोजत नाही. शिकवणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्या मनाच्या तळघरात काय चाललंय ते आम्ही बघतो. त्याची रीत अशी: शिक्षकासमोर बसायचं, एकच प्रश्न विचारायचा, ‘शिकवण्याबद्दल काहीही सांगा, मनात येईल तिथून सुरुवात करा,’ आणि मग गप्प बसायचं. अगदी गप्प. समोरचा अडला, घुटमळला, घड्याळाकडे पाहू लागला तरी गप्प. शांतता माणसाला आतून ढकलते आणि जे बाहेर पडतं ते खरं, असा आमचा विश्वास. आणि मुलाखत झाल्या झाल्या, यंत्राला हात न लावता, आपल्या मनात जे उरलं ते लिहून काढायचं. यंत्र फक्त शब्द पकडतं, मन आशय पकडतं, असं मॅडम म्हणतात. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. पुष्कळ वर्षं परदेशी राहून आल्या आहेत आणि आल्यापासून कुणाचंही वाक्य अर्ध्यात तोडत नाहीत, त्यामुळे माणूस त्यांच्यासमोर स्वतःचं वाक्य स्वतःच अर्ध्यात सोडतो.

नंतर सगळ्यांनी टेबलाभोवती बसून ते रेकॉर्डिंग ऐकायचं आणि ऐकताना आपल्याला काय काय वाटलं ते सांगायचं. काहीही चालतं. झोप आली, पाठ खाजली, राग आला. कारण नियम असा की ऐकताना जे वाटतं ते एकट्या आपलं नसतं. बोलणाऱ्याने स्वतःला न पेलणारं काहीतरी नकळत आपल्या पदरात टाकलेलं असतं. एकदा एका मुख्याध्यापकांची मुलाखत ऐकताना मला सडकून भूक लागली होती. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, हे खरं. पण त्यावर बरीच चर्चा झाली, आणि अहवालात ‘मुख्याध्यापकांची मायेची भूक’ असं एक अख्खं प्रकरण आलं. मुख्याध्यापकांनी ते वाचलं की नाही कोण जाणे. आमच्यात एक संख्याशास्त्री पण बसतो. त्याच्या खोलीचं छत दुरुस्त होईपर्यंत म्हणून आला आणि राहिला. तो दर वेळी म्हणतो, “मला काही वाटलं नाही,” आणि दर वेळी मॅडम मान हलवून लिहून घेतात: प्रतिकार.

तर बाई. गणिताच्या बाई, निवृत्तीला टेकलेल्या, खडूने कायमचे कोरडे पडलेले हात मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांची मुलाखत ही माझी आजवरची सर्वांत उत्तम मुलाखत होती. असं मला आठवत होतं. मी लिहिलंही तसंच. बाई भरभरून बोलल्या, मधेच त्यांचा आवाज कापरा झाला, आणि त्यांनी एका मुलीबद्दल सांगितलं जी रोज सकाळी बूट घालते, दाराशी ठेवलेल्या बाकड्यावर बसते आणि दाराबाहेर पाऊल टाकत नाही. त्यावरून मी निष्कर्ष काढला की ही मुलगी म्हणजे खुद्द बाईच. मॅडमना हे इतकं आवडलं की येत्या परिषदेत मी वाचणार असलेल्या निबंधाचं नाव त्यांनी ‘दाराशी बसलेलं मूल’ असं ठेवून टाकलं. आणि आता टेबलावर ते काळं डबडं बोलत होतं. “माझी एक मुलगी आहे,” माझा आवाज म्हणाला. “रोज बूट घालते आणि दाराशी बसून राहते. शाळेत जात नाही. सुट्टी संपली तेव्हापासून.” मग बराच वेळ मीच. मी बोलतोय, बोलतोय, आणि पलीकडून बाईंचा अधूनमधून नुसता ‘हं’. वर्गात प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत उभं राहायची त्यांची उभ्या आयुष्याची सवय. माझा गप्प बसण्याचा अनुभव त्यापुढे किस झाड की पत्ती! दोन गप्प बसणारे समोरासमोर आले आणि कच्चा होता तो आधी फुटला, एवढंच झालं होतं. पण मला ते असं आठवत नव्हतं. मला बाईंचे ओठ हलताना आठवत होते. त्या मुलीचं सांगताना बाईंनी चष्मा काढला, हेसुद्धा आठवत होतं. मग मी चष्म्याला हात लावून पाहिला, माझ्या.

डबड्यात बाई पहिल्यांदा नीट बोलल्या. “म्हणजे तुम्हीपण बूट घालून बसता?”

“तिच्याशेजारी. हो. वाट बघतो.”

“कशाची?”

“ती आपणहून बोलेल याची. तिला वेळ देतोय.”

“आणि आधी कोण बसलं?”

यावर मी हसलो. डबड्यातला मी. कुणी गुदगुल्या केल्यासारखा, आचरट. “नाही, चित्र नीट दिसत नाहीये मला, म्हणून विचारलं,” बाई म्हणाल्या. “फळ्यावर काढायचं झालं तर आधी कुणाला काढू?” त्यानंतर पुन्हा शांतता, ती कुणाची ते सांगता येत नाही. आणि मग बाईंचा आवाज, थोडा ओशाळलेला: “सर, मी आता माझं बोलू का? मी ठरवून आले होते.” इथे यंत्रातली जागा भरली आणि ते बंद पडलं.

मग संख्याशास्त्री, ज्याला कधीच काही वाटत नाही, तो घसा खाकरून म्हणाला, “मला वाईट वाटलं.” मॅडमनी पेन उचललं. “कुणाचं?” “यांचंच की. दुसरं कोण बोलतंय?” मला वाटलं, आता मॅडम मला झाडतील, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी झाडायला हवं होतं. मी मुलाखत घ्यायला जाऊन देऊन आलो होतो. पण मॅडमचा चेहरा लग्न जमल्यासारखा उजळला होता. “केवढं मोठं आहे हे!” त्या म्हणाल्या. “बाईंना जे मूल सांभाळता आलं नाही ते त्यांनी तुमच्यात ठेवलं.” मी म्हणालो, “मॅडम, ती माझी मुलगी आहे. घरी आहे.” “हो, आहेच ना,” मॅडम समजुतीने म्हणाल्या. “पण ती कुणाची आहे?” आणि थांबल्या. त्या थांबतात तेव्हा बोलावं लागतं. मी पाणी प्यायलो.

ती घरी आहे. तिला मुंगी म्हणतो, जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून. शाळेत तिला कुणी मारत नाही, रागवत नाही, डब्यातलं पळवत नाही. सगळं विचारून झालं. पोटात दुखत नाही, ताप नाही. सकाळी स्वतःहून उठते, दप्तर भरते, बूट घालते, वेल्क्रोचा पट्टा खर्रकन ओढते आणि बाकड्यावर बसते. बास. मग मी माझे बूट घालतो आणि तिच्याशेजारी बसतो. दारातून समोरच्या घराचं पायपुसणं दिसतं आणि जिन्याचा कठडा. आम्ही ते बघतो. थोड्या वेळाने मुंगी बूट काढते, आणि तिच्या शाळेचा दिवस संपतो. बायको दातांची डॉक्टर आहे. ती आमच्या दोघांच्या पायांवरून उडी मारल्यासारखी बाहेर पडते. “माझा सगळा दिवस लोकांना तोंड उघडायला लावण्यात जातो,” ती परवाच म्हणाली, “आणि हा माणूस पगार घेतो गप्प बसण्याचा. अरे, बाप आहेस ना तिचा? बोल की काहीतरी!” मी म्हणालो, मी तिला अवकाश देतोय. “अवकाश? तो वर असतो,” बायको म्हणाली, “तिथेच जाऊन बस.” शाळेने सांगितलं होतं, सोमवारपर्यंत आली तर ठीक, नाहीतर नाव कमी करावं लागेल. हे मी विभागात कुणालाही सांगितलं नव्हतं. शिक्षणाच्या संशोधकाची मुलगी शाळेत जात नाही, ही गोष्ट न्हाव्याच्या वाढलेल्या दाढीसारखी. लोक बघून न बघितल्यासारखं करतात. सांगितलं ते नेमकं बाईंना, आणि तेही स्वतःच्या नकळत, आणि वर ते त्यांच्या नावावर घातलं.

ऐकणं संपल्यावर मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. तिथे उभं राहिल्यावर मला एक गोष्ट आठवली आणि क्षणभर सगळं एकदम स्वच्छ झालं. माझे वडील. तेही शिक्षकच. रोज सकाळी दाराशी स्टुलावर बसून बूट घालायचे. एक बूट पायात, दुसरा हातात, आणि मग नाडीकडे बघत नुसते बसून राहायचे. मी भिंतीला टेकून बघायचो. मला वाटायचं, नाडी अवघड असणार. त्यांची मान, मानेवरचा कॉलरचा वळ, बुटाच्या पॉलिशचा तो रॉकेलसारखा वास, सगळं लख्ख. म्हणजे आजोबा, बाप, नात: तीन पिढ्या एकाच दाराशी. हे इतकं नीटनेटकं होतं की मॅडमना सांगायची लाज वाटावी. तरी मी तिथूनच आईला फोन लावला.

“आई, बाबा सकाळी बूट घालताना बसून राहायचे ना गं? एक बूट हातात घेऊन?”

“कोण?”

“बाबा.”

“तुझे बाबा? अरे, ते जन्मभर चपलाच घालायचे. लग्नातसुद्धा चपला. माझा मामा किती बोलला होता.”

“मग बसायचे कोण?”

“बसतायत कुठले! त्यांना घाईच फार. चहा कपात अर्धा टाकून पळायचे, शाळेवर इतका जीव. बरं, मुंगी गेली का शाळेत?”

नाही, म्हणालो. आई म्हणाली, “तुझं तरी बरं चाललंय ना?” हा प्रश्न ती नेहमी विचारते आणि मी नेहमी हो म्हणतो, पण आज हो म्हणायच्या आधी मी पाहिलं, खाली कुठे यंत्र तर चालू नाही ना. मग ती आठवण घेऊन मी बराच वेळ उभा होतो, जशी दुसऱ्याची छत्री आपल्या हातात राहावी आणि ज्याची त्याला द्यावी तर तो कुठल्या गावचा ते माहीत नसावं. मानेवरचा वळ तर मला आताही दिसत होता. इतकी वर्षं इतक्या शिक्षकांचं ऐकलंय. एखाद्याने आपल्या बापाची मान माझ्यात ठेवली असेल आणि मी ती खुशाल आपली म्हणून वापरत असेन. आणि तसं असेल तर बाकीचं तरी माझं कशावरून? शाळेत पहिल्या दिवशी रडलो, ते मी? नदीत बुडता बुडता वाचलो, तो मी, का तो नववीला भूगोल शिकवणारा?

शनिवारी सकाळी बाईंना फोन केला. माफी मागायचं ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. “बाई, तुमचे वडील बूट घालायचे का?”

“हो, सांगितलं की मी,” बाई म्हणाल्या, जणू कालच बोलणं झालं होतं. “तुमचं ते यंत्र बंद पडल्यावर. तुम्ही डोळे पुसत होतात तेव्हा. शिक्षक होते ते. रोज एक बूट घालून बसायचे, दुसरा हातात. आई म्हणायची, उशीर होईल, मग उठायचे. एक दिवस उठलेच नाहीत. आजारी-बिजारी काही नाही हो. नुसते उठले नाहीत. नंतर कधीच गेले नाहीत शाळेत. घरातच असायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे. फार सुंदर घड्या.”

“मला वाटलं, ते माझे वडील.”

“तेच म्हणालात तुम्ही तेव्हा. ‘माझेही वडील तसेच.’ मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कधी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, चला, आपल्यासारखं आणखी एक घर आहे.”

आता त्यांना मी काय सांगणार होतो? माझे वडील चपला घालायचे, आणि तुमच्यासारखं ते दुसरं घर म्हणजे तुमचंच? मी गप्प बसलो. या वेळी पद्धत म्हणून नव्हे.

“म्हणून तर मी शिक्षिका झाले,” बाई पुढे म्हणाल्या. “हेच सांगायला आले होते त्या दिवशी. आता निवृत्त होतेय, तर सारखं मनात येतं, मला गणित आवडायचं का, शिकवणं आवडायचं का? तर तसं काही नाही. त्यांच्याऐवजी कुणीतरी जायला हवं होतं ना. मी गेले. आता जायचं नाही म्हटल्यावर कळेना, की हे ‘नाही’ त्यांचं की माझं. तुम्ही लोक याचा अभ्यास करता ना? मग काय निघतं त्यातून?”

मी म्हणालो, अजून काम चालू आहे. बाई हसल्या. “आमची पोरंपण असंच म्हणतात गृहपाठाला. मुलीचं काय झालं?” सोमवारी कळेल, म्हणालो. “ते चित्र मला अजून नीट जमत नाहीये,” त्या म्हणाल्या. “सावकाश सांगा.”

रविवार कसा गेला ते सांगण्यासारखं नाही, कारण मी प्रत्येक गोष्ट करताना थांबून बघत होतो की ती मीच करतोय ना. दाढी करताना, मोजे शोधताना. बायको म्हणाली, “काय चाललंय?” “काही नाही,” मी म्हणालो, आणि हे वाक्य तर आमच्या घरात सगळेच वापरतात, त्याचा मालक कोण म्हणून शोधणार?

सोमवारी मुंगी उठली, दप्तर भरलं, पट्टा खर्रकन ओढला, बसली. बायको आज पायांवरून उडी न मारता उभी राहिली. पर्स काखेत, किल्ल्या दातांत; दातांच्या डॉक्टरला हे शोभत नाही, पण तिला शोभतं. किल्ल्या काढून म्हणाली, “आज तरी तोंड उघड. नाव गेलं की मग तुझा तो अवकाशच अवकाश आहे.” आणि गेली. तिच्या टाचांचा आवाज जिना उतरून गेला. मी मुंगीशेजारी बसलो. समोरचं पायपुसणं, कठडा. माझ्या जिभेवर तोच जुना प्रश्न आला, ‘मनात येईल तिथून सुरुवात कर,’ आणि तो मी गिळला. म्हटलं, “मुंगे, इथे आधी कोण बसलं?”

मुंगी मान किंचित कलती करून, ओठ मिटून, डोळे माझ्यावर ठेवून बघत राहिली, आणि तो चेहरा मी ओळखला. तो मुलाखतीचा चेहरा आहे. तो मी आरशासमोर कमावलाय. त्या चेहऱ्यासमोर माणूस बोलतो. मला भडाभडा बोलावंसं वाटायला लागलं: परिषदेचा निबंध, मॅडम, आणि दर शुक्रवारी त्या टेबलाभोवती जाऊन आपल्या खाजेला दुसऱ्याचं दुःख समजायचं. मी दोन्ही हातांनी बाकडं धरून ठेवलं.

“तू,” मुंगी म्हणाली.

“मी कधी?”

“सुट्टी संपली तेव्हा. मी दप्तर घेऊन आले, तर तू बसलेला. एक बूट घातलेला.”

“आणि दुसरा?”

“हातात.” तिने हातात बूट धरल्यासारखं करून दाखवलं आणि मान खाली घातली. ती मान. “मला वाटलं, तुला जायचं नाहीये.”

“मग?”

“मग काय? मी पण बसले. तू एकटाच होतास.”

मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवत होते ते बाईंचे वडील, लख्ख, वळासकट, आणि आता तर तेही बाईंचे आहेत याची खात्री वाटेना. बाईंनी सांगितलं म्हणून मी पाहिलं, की मी आधीच तसा बसलेलो होतो म्हणून मला ते ओळखीचं वाटलं? आणि ही पोर: हिने माझं बघितलं, की आता माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं म्हणून मला हवं ते दिलं? आम्ही समोरच्याकडून जे घेतो ते त्याने दिलेलं असतं की आम्ही काढलेलं, यावर मॅडमची दोन व्याख्यानं आहेत. मला त्यातलं एकही वाक्य आठवेना. मला फक्त इतकं कळत होतं की घरातल्या सगळ्यांनी आणि शाळेने या पोरीला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं, आणि तिला कसलाच प्रश्न नव्हता. ती सोबत करत होती.

“मला जायचं नाहीये,” मी म्हणालो. हे वाक्य कुणाचं ते मी तपासलं नाही.

“माहितीये,” मुंगी म्हणाली.

“पण जातो.”

तिने जरा विचार केला. “आधी तू जा.”

मी उठलो आणि बाहेर पडलो. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. शास्त्र म्हणून नव्हे, वळलो असतो तर परत येऊन बसलो असतो. जिना उतरू लागलो. वर काहीच आवाज नव्हता. मग कडी वाजली. ती आतून लागली की बाहेरून, हे आमच्या जिन्यात कधीच कळत नाही. मी कठडा धरून उभा राहिलो. एक पाय गार पडत होता, फरशीचा गारवा सरळ पोटरीत चढत होता, आणि हे काय नवीन म्हणून मी खाली बघणार, तेवढ्यात वरून आवाज आला.

“बाबा! बूट!”

मुंगी वरच्या पायरीवर उभी होती. पाठीवर दप्तर, एका हातात घराची किल्ली, दुसऱ्या हातात माझा बूट, नाडी लोंबणारा. खाली आली, बूट माझ्या हातात दिला. “उशीर होईल,” म्हणाली, अगदी कुणाच्यातरी आईसारखी. मी बूट घालायला पायरीवर बसलो.

ती थांबली नाही.